पत्रिकांच्या पाठीवरचं इंग्रजी

"पॉसिबलला कोणी अन लावू नका गं आज. सरांनी भरीत आणलंय."

माझ्यापुढे जिना चढणाऱ्या दोन मुलींपैकी एक दुसरीला सांगत होती. दोघींच्या अंगावर परिचर्येच्या विद्यार्थिनींचा गणवेश होता. दुसरी म्हणाली, "मी तर तोंडच उघडणार नाही. मागच्या वेळी माझ्या एकटीमुळे पावणेदोन वाजले होते."

धुळ्याच्या त्या नर्सिंग प्रशिक्षण संस्थेत माझ्या नोकरीचा तो दुसरा दिवस होता. मुलींच्या बोलण्याचा अर्थ अर्ध्या तासात कळला. मधल्या सुट्टीआधीचा तास इंग्रजीचा. टेबलावर एका कोपऱ्यात सरांचा दोन खणी डबा ठेवलेला असायचा. वर्गात एखादा शब्द चुकला, तर तो शब्द चुकणाऱ्या मुलीला नीट येईपर्यंत सर डबा उघडत नसत. घंटा झाली की मुलींना जेवायला सोडत. स्वतः मात्र चुकलेली मुलगी जेवून परत येऊन तो शब्द बरोबर म्हणेपर्यंत खुर्चीवर बसून राहत. ती शिक्षा त्यांनी मुलींना कधी दिली नाही, स्वतःलाच लावून घेतली होती. आणि सगळे शब्द बरोबर आले, तर डब्यातलं भरीत बोटभर का होईना, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरायचं.

सरांचं नाव लोटन महादू बोरसे. मुली सर म्हणत, बाकी सगळी संस्था नाना म्हणायची. पारोळ्याजवळच्या एका गावच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता तासिकांवर आमच्याकडे येत होते. रोज सकाळची एसटी, रोज तीच खिडकी. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, चष्म्याच्या काड्यांना काळा दोरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एक कात्री.

मी जळगावची. इंग्रजी माध्यमात शिकले, इंग्रजीत एम.ए. केलं, आणि नोकरीसाठी धुळ्याला आत्याकडे राहायला आले. इंग्रजी माध्यमात शिकलं म्हणजे इंग्रजी फाडफाड बोलता येतं, असं लोकांना वाटतं. मला कुठलीच भाषा फारशी बोलता येत नाही. लिहायला सांगा, लिहीन. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. मला दुसऱ्या वर्षाचे तास दिले होते. पण पहिले काही दिवस नानांच्या वर्गात मागे बसून बघा, असं प्राचार्या मॅडमनी सांगितलं. मागे बसायचं म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

कात्री कशाला, हे पहिल्याच तासाला दिसलं. नाना लग्नपत्रिका कापायचे. जाड, गुळगुळीत, गुलाबी, पिवळ्या पत्रिकांचे चार बोटं रुंद तुकडे. एका बाजूला कोणाचा तरी मुहूर्त, कोणाचे तरी मामा, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं काहीबाही. पाठीवर नानांच्या ठसठशीत अक्षरात एकेक इंग्रजी शब्द. काही तुकड्यांवर हॅपी, सेफ, रेग्युलर, कॉन्शस, मोबाइल अशी विशेषणं. काहींवर नुसते नकाराचे उपसर्ग, अन, इन, इम, इल, इर, डिस. मुलींनी जोड्या लावायच्या. नाना त्याला सोयरीक जमवणं म्हणत.

"हा अन पाहा," ते तुकडा वर धरून आपल्या अहिराणी वळणाच्या मराठीत म्हणाले. "हा आपला घरचा माणूस शे. हाक मारली की निघाला. हॅपीकडे पाठवा, सेफकडे पाठवा, स्टेबलकडे पाठवा, चप्पल घातली की चालला. आणि हा इन. हा व्याही शे. पुढे कोण उभं आहे ते बघून वागणार. पुढे ल दिसला की झाला इल. र दिसला की इर. प नाहीतर म दिसला की इम."

"पण का सर?" पुढच्या बाकावरून आवाज आला. "पॉसिबलला इनच राहिला तर काय बिघडलं?"

"काही नाही बिघडत. म्हण तू. इनपॉसिबल. जोरात. आता भरभर, दहा वेळा."

ती म्हणायला लागली. सहाव्या-सातव्या वेळेला तिचे ओठ आपोआप मिटायला लागले आणि तोंडातून इमपॉसिबल यायला लागलं. ती स्वतःच दचकली.

"पाहिलं? व्याह्यानं आपणहून कपडे बदलले. आपण सांगितलं का त्याला?"

विद्यापीठात हेच मी एका जाड पुस्तकात चार पानं वाचलं होतं आणि परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. माझ्या ओठांना ते तोवर माहीत नव्हतं. मागच्या बाकावर बसून मी तोंडासमोर रुमाल धरला आणि हळूच दहा वेळा म्हणून पाहिलं.

नानांचे उच्चार मात्र त्यांचे स्वतःचे होते. कम्फर्टेबल हा शब्द ते कम्फर-टेबल असा म्हणत. शेवटचं टेबल इतकं स्पष्ट, की त्याचे चार पाय दिसावेत. एकदा मी मान खाली घालून हसले ते त्यांनी पाहिलं. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी विमानानं आलंय. माझं एसटीनं आलं. वाटेत सगळ्या थांब्यांवर थांबलं ना ते." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मला लाज वाटली, पण ते पिशवी खांद्याला लावून बडीशेप चघळत निघूनही गेले होते.

याच शब्दांमागे ते एवढे का लागले होते, हे मला रुग्णालयात कळलं. आमच्या मुली आठवड्यातले काही दिवस तिथं कामाला जात. रुग्णाच्या कागदावर नोंदी इंग्रजीत करायच्या असतात. शुद्धीवर आहे की नाही, नाडी नियमित आहे की नाही, प्रकृती स्थिर आहे की नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाचा कागद आणि बेशुद्ध माणसाचा कागद यांत दोन अक्षरांचा फरक. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या मुलींना मराठीसुद्धा शाळेत गेल्यावर भेटलेली. त्यांच्या हातून ती दोन अक्षरं सुटू नयेत, एवढ्यासाठी नाना स्वतःच्या खर्चानं रिक्षा करून रुग्णालयात जात आणि खाटेपाशी उभे राहत.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही होते. पायाला प्लास्टर घातलेले एक आबा खाटेवर होते. रमिला नावाची आमची विद्यार्थिनी त्यांच्या कागदावर लिहीत होती. आदल्या दिवशीच्या नोंदीत अनकम्फर्टेबल होतं. आज आबा कण्हत नव्हते, म्हणून रमिलानं कम्फर्टेबल लिहिलं.

"काय लिखी राहिनी व माय तू मन्हाबद्दल?" आबांनी अहिराणीत विचारलं.

रमिला नानांकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघते? त्यांना सांग. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते कळलं पाहिजे."

"तुम्हाला आज बरं वाटतंय असं लिहिलंय आबा," रमिला पुटपुटली.

"बरं?" आबा म्हणाले. "कोन म्हने? दुखत नही हाई खरं. पन रातभर डोळाले डोळा नही. खाज सुटस आत, खाजाडता येत नही."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खो खो हसला. नानांनी रमिलाला तो शब्द खोडायला लावला. ती परत अनकम्फर्टेबल लिहायला लागली, तेव्हा तिचा हात धरून म्हणाले, "तेही नको. अन काढला म्हणजे माणूस एकदम सुखात गेला असं नसतं, आणि सुख गेलं म्हणजे लगेच दुःख आलं असंही नसतं. या दोन शब्दांच्या मधे जागा असते पोरी. बहुतेक लोक तिथंच पडलेले असतात. त्यांच्यासाठी आख्खं वाक्य लिहायचं. आळस करायचा नाही."

रमिलानं मोडकं-तोडकं वाक्य लिहिलं. वेदना नाही, झोप नाही, प्लास्टरच्या आत खाज आहे. मग ते तिनं आबांना त्यांच्या बोलीत सांगितलं. आबा म्हणाले, "आते बराबर."

नाना कुठलीही गोष्ट मोठ्यानं बोलून संपवत नसत, करून संपवत. एकदा एका मुलीनं प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या बाटलीवरचं इन्फ्लेमेबल वाचून सांगितलं, "सर, इन आहे, म्हणजे हे पेटत नाही." तिची चूक म्हणावी तर तिनं नानांनी शिकवल्याप्रमाणेच विचार केला होता. नाना त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले, तर ते डिंकाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत उभे होते. स्पिरिटच्या एकूण एक बाटलीवर त्यांनी पत्रिकेचा लाल तुकडा चिकटवला होता आणि त्यावर मराठीत लिहिलं होतं, 'पेट घेते'. मला म्हणाले, "हा इन नाही म्हणणारा नाहीच. त्याच नावाचा दुसरा माणूस आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

पत्रिकांची गोष्ट मात्र अजून राहिली.

पहिल्या वर्षात कविता म्हणून एक मुलगी होती. अमळनेरची, बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं, वर्षभरात माहेरी परत आलेली. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. फक्त नानांना माहीत नव्हतं, कारण ते कोणाच्या घरचं विचारत नसत. एक दिवस तुकडे वाटले गेले आणि कविता आपला तुकडा हातात धरून बसून राहिली.

"काय व्हयनं? जमव ना सोयरीक."

"सर, ही माझी आहे."

"तुझीच आहे, मग जोडी लाव."

"तसं नाही सर. पत्रिका माझी आहे." तिनं तुकडा उलटा करून दाखवला. चि. सौ. कां. कविता, आणि पुढे नवऱ्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर कात्री चाललेली.

नानांनी चष्मा काढला. कवितानं तुकडा परत फिरवला, मागचा शब्द वाचला आणि फिसकन हसली. "मागं स्टेबल लिहिलंय सर. कुठं आहे तुमचा तो घरचा माणूस? द्या इकडे."

मुली हसत सुटल्या. शेजारच्या वर्गातले लोक डोकावून गेले. नाना हसले नाहीत. त्या दिवशी एकही शब्द चुकला नाही, तरी त्यांनी डबा उघडला नाही. मुली भरीत मागायला आल्या तर डबा त्यांच्या हातात देऊन बाहेर गेले.

त्यानंतर त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. पत्रिका घ्यायची ती त्या घरी जाऊन, विचारून. "मी हिचे तुकडे करीन, मागे इंग्रजी शब्द लिहीन, पोरी शिकतील. चालेल का?" लग्नघरी जाऊन पत्रिका कापायची परवानगी मागणारा माणूस लोकांना कसा वाटणार? एका घरातून त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं. एका आजीबाईंनी दृष्ट काढायला घेतली. शेवटी संस्थेचे सचिव सुगनशेठ यांच्या कानावर हे गेलं. कापसाच्या व्यापारातलं घर, पणजोबा राजस्थानातून धुळ्याला आलेले. त्यांनी नातवाच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठाच पाठवून दिला. वर निरोप, "ले जाओ नाना. नातू खुश आहे, नातसून खुश आहे, बिनधास्त कापा." सोनेरी किनारीच्या त्या पत्रिकांवर पहिलं सत्र आरामात निघालं.

दुसऱ्या सत्रात संस्थेची तपासणी होणार होती. त्यासाठी प्रत्येक शिक्षकाचा एक तास दुसऱ्या शिक्षकानं पाहायचा आणि छापील फॉर्म भरायचा, असं ठरलं. नानांचा तास माझ्याकडे आला. फॉर्म इंग्रजीत होता. दहा-बारा ओळी, प्रत्येक ओळीत दोन शब्द, एक चांगला आणि त्याच्याखाली त्याचाच नकारी भाऊ. लागू नसेल तो खोडा. आवाज ऐकू येतो की येत नाही, मांडणी व्यवस्थित की अव्यवस्थित, वेळेवर येतात की अनियमित. ते मी भराभरा खोडलं. उच्चार अचूक की चुकीचे, अशी एक ओळ आली आणि माझा पेन थांबला. कम्फर-टेबल अचूक नव्हतं. पण ते चूक आहे असं लिहायला हात होईना. विषयाचं ज्ञान पुरेसं की अपुरं, या ओळीलाही मी थांबले. पुरेसं म्हणणारी मी कोण? कालची मुलगी. शेवटची ओळ एकूण मताची होती, समाधानकारक की असमाधानकारक. तिथं तर मला वाटलं, हे मी ठरवणंच आगाऊपणाचं आहे. तिन्ही ओळींतले दोन्ही शब्द मी तसेच ठेवले. काही खोडलं नाही म्हणजे मी काही बोलले नाही, असं माझं गणित. आयुष्यभर मी तसंच वागत आले होते. पाकीट बंद करून ऑफिसात दिलं आणि शनिवारच्या एसटीनं जळगावला घरी गेले.

दोन आठवड्यांनी ऑफिसातले चौधरी भाऊसाहेब मला बघून खुर्चीतून अर्धे उठले. "अभिनंदन मॅडम! नव्या सत्रापासून नानांचे तास तुम्हाला. सगळं पहिलं वर्ष तुमच्याकडे."

"आणि नाना?"

"नाना मोकळे. कागदावरच तसं आलं ना." मग आवाज खाली आणून, कौतुकानं, "काम मोठ्या खुबीनं केलं तुम्ही. आवाज नाही, गवगवा नाही."

मी फॉर्म मागितला. त्यांनी संगणकावरून काढलेला कागद दाखवला. उच्चार, ज्ञान, एकूण मत, तिन्ही ठिकाणी खालचा शब्द.

"मी हे लिहिलं नाही," मी म्हणाले.

"खोडलंही नाही. दोन्ही शिल्लक राहिले की आम्ही खालचा धरतो. पहिल्यापासून तशीच रीत आहे इथं. नाहीतर संगणक पुढे जात नाही."

मी तिथं आणखी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

नानांना तोवर पत्र मिळालं होतं. फॉर्म कोणी भरला हे पत्रात नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. चार दिवसांनी ते शिक्षकखोलीत माझ्या शेजारी येऊन बसले. खिशातून एक कागद काढला. त्यावर वीस-पंचवीस शब्द ओळीनं लिहिलेले.

"बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. हे एकदा म्हणून दाखवा बरं. हळू म्हणा. तुम्ही म्हणाल तसं मी देवनागरीत लिहून घेतो."

"कशाला नाना?"

"उच्चारात कमी पडलो म्हणतात. खरं असेल. आमच्या मास्तरांनी शिकवलं तेच मी पोरींना शिकवलं." चष्म्याचा दोरा ठीक करत म्हणाले, "सत्र संपायला महिना आहे. तेवढ्या महिन्यात तरी पोरींना बरोबर मिळू दे."

मी म्हणून दाखवलं. ते लिहीत गेले. कम्फ्टबल लिहून झाल्यावर त्यांनी ते तीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "यातलं टेबल कुठं गेलं हो?" ते थट्टेनं म्हणत होते का, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गाच्या दारावरून जाताना आत आवाज येत नव्हता. डोकावले. नाना फळ्यापाशी उभे होते, हातात तो कागद. प्रत्येक शब्दाआधी कागदात बघत होते, मग सावकाश, घाबरत घाबरत तो शब्द म्हणत होते. ज्या माणसाच्या आवाजानं शेजारचा वर्ग थांबायचा, त्याचा आवाज चौथ्या बाकापर्यंत पोचत नव्हता. मागे बसलेली रमिला कविताला म्हणत होती, "सरांना काय झालं गं? आज काहीच कळत नाही."

त्या क्षणी मला माझी स्वतःची चीड आली. इतकी, की मी दुसऱ्या वर्षाचा तास सोडून सरळ ऑफिसात गेले. सुगनशेठ सचिवांच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी बोलू शकणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून वाटेत जिन्यावर उभी राहून मी एका कागदावर सगळं लिहिलं होतं. तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवून तो वाचला, परत वाचला, आणि भाऊसाहेबांना हाक मारून फॉर्म मागवला. मूळ, माझ्या हातचा.

"तर तुम्ही काहीच खोडलं नाही," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आणि हे चौधरींनी आपल्या मनानं खालचं धरलं."

"रीत आहे शेठ," भाऊसाहेब म्हणाले.

"रीत तुझी, चौधरी, माणूस आपला गेला असता." शेठनी खिशातला पेन काढून माझ्यापुढे ठेवला. "मग आता खोडा ना बेटा. एवढंच आहे की नाही? खोडा, सही करा, तारीख टाका. मी समजत होतो कोणी मोठी तक्रार केली नानांची."

मी तिन्ही ओळींतला खालचा शब्द खोडला. उच्चारांच्या ओळीशेजारी मी लिहिलं की मुलींना यांचा प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत कळतो. सही केली. भाऊसाहेबांनी कागद फायलीत लावला आणि पंख्याखाली पुसट हसले. मला वाटलं होतं, चौकशी होईल, रागवारागवी होईल, मला नोकरीवरून काढतील. पाच मिनिटांत संपलं. मी न विचारताच खुर्चीत बसले.

पुढे सगळं ठीक झालं, हे आधीच सांगून टाकते. नाना आणखी दोन वर्षं शिकवत राहिले आणि मग गुडघे कुरकुरतात म्हणून आपणहून थांबले. कविता आता एका रुग्णालयात कायम झाली. आता पहिल्या वर्षाचा तास मी घेते, नानांच्याच तुकड्यांवर, आणि मुली माझ्यासमोर बऱ्यापैकी हसतात. पण नाना आठवले की मला नंतरची ती दोन वर्षं आधी आठवत नाहीत. त्या सकाळचे नाना आठवतात.

सही करून मी उठून निघणार, तर सुगनशेठ म्हणाले, "थांबा. नानांना कोण सांगणार?"

"पत्र पाठवा ना," मी म्हणाले. "नाहीतर भाऊसाहेब सांगतील."

"पत्र तर पाठवीनच. पण ते बिचारे चार-पाच दिवस झाले आपलं इंग्रजी दुरुस्त करत फिरताहेत. कशामुळे झालं ते तुम्हीच सांगा." आणि त्यांनी शिपायाला वरच्या मजल्यावर धाडलं.

नाना आले. दारातच थांबले. शर्टाच्या बाहीला खडू लागलेला, उजव्या हातात तो उच्चारांचा कागद घडी घालून धरलेला. शेठनी खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. आणखी एक वाईट बातमी ऐकायची असते तसे उभे राहिले, पाय जुळवून, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. त्यांनी शेठकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी पर्स खुर्चीवरच राहिली होती. भाऊसाहेब घसा खाकरले. शेठ म्हणाले, "बोला मॅडम." मी दारापर्यंत गेले, आणि त्या ऑफिसात त्याआधी कोणी ऐकला नसेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"नाना, तो फॉर्म मी भरला होता. तीन ओळी सोडून दिल्या, कारण ठरवायची मला भीती वाटली. तुमच्यात काही कमी नव्हतं. आता सगळं नीट केलंय, नव्या सत्रातही तास तुमचाच आहे. पण तुम्हाला माझा राग आला असेल, तर आत्ताच बोलून टाका. मी इथंच उभी आहे."